मोताळ्याचा कंगोरा

सरळ शिवण कुणालाही येते. पाय हलवता आले आणि कापड धरता आलं की चार महिन्यांत माणूस पायजमा शिवतो, सहा महिन्यांत सदरा. शिंप्याची खरी परीक्षा वळणावर होते. माझी चाळीसएक वर्षं या वळणांतच गेली. बाळाच्या कुंचीचा काठ, बैलाच्या झुलीचा काठ, देवावरच्या चांदव्याची झालर, हे माझं राज्य. त्या काठाला आम्ही कंगोरे म्हणतो. आता तयार लेस मीटरवर मिळते, त्यामुळे कंगोरे कसे करतात हे मला कोणी विचारत नाही. म्हणून न विचारताच सांगतो.

कंगोरे म्हणजे काठाला दिलेली अर्धगोल वळणांची ओळ, एकाला एक चिकटून. वरचं कापड आणि अस्तर, दोघांच्या सुलट बाजू आत ठेवून वळणावळणाने टीप मारायची. मग दोन वळणांच्या मधे जी खाच होते तिथे कात्रीचं टोक थेट टाक्यापर्यंत न्यायचं. एक सूत अलीकडे थांबलात तर उलटवल्यावर कापड आखडतं. एक सूत पलीकडे गेलात तर टाकाच कापला जातो आणि पहिल्या धुण्यात काठ उसवतो. हे झालं की कापड उलटवायचं, आतून बोरूच्या काडीने एकेक वळण बाहेर काढायचं आणि इस्त्री फिरवायची. पण या सगळ्याआधी आणखी एक हिशेब असतो. काठाच्या लांबीत वळणं पुरी बसली पाहिजेत. कोपऱ्यावर अर्धं वळण उरलं तर शिंप्याने त्या गावात पुन्हा तोंड दाखवू नये.

मी दाखवलं, ती गोष्ट निराळी. एका पाटलांच्या पांढऱ्या बैलासाठी पोळ्याची झूल शिवली. लाल बनातीवर पिवळे कंगोरे. घाईत मोजायला चुकलो आणि शेपटाकडे अर्धा कंगोरा उरला. पाटील रागावले नाहीत. त्यांनी फक्त मला पोळ्याला जेवायचं आमंत्रण दिलं आणि मिरवणुकीत त्याच बैलाच्या शेपटामागून चालायला लावलं, सबंध गावातून. तेव्हापासून मी काठ दोनदा मोजतो.

वळण आखायला कोणी वाटी घेई, कोणी ढब्बू पैसा. आमच्याकडे माझ्या वडिलांच्या आईच्या कुंकवाच्या करंड्याचं पितळी झाकण होतं. ते कधी तरी पडून एका अंगाला किंचित चेपलं होतं. त्यामुळे आमच्या प्रत्येक कंगोऱ्याचा माथा जरा बसका येई, नीट बोट फिरवलं तरच कळेल इतका. वडिलांना ते झाकण बदलावंसं वाटलं नाही, मलाही नाही. मोताळ्याच्या बाजाराच्या तोंडाशीच आमचं दुकान होतं, आणि आसपासच्या पंचवीस-तीस गावांतल्या बायका नुसता काठ चाचपून सांगत की ही कुंची मोताळ्याची. याचा मला फार गर्व होता. तो अंगाशी कसा आला हेच सांगायला बसलो आहे.

त्याआधी मडमेची गोष्ट सांगून टाकतो. तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. हुकूम नागपूरहून यायचे आणि गोरे साहेब बुलढाण्याच्या थंड हवेत बंगल्यांतून राहायचे. अशाच एका साहेबाच्या मडमेने पडद्यांना झालर लावायला मला बोलावलं. तिने टेबलावरचा एक शिंपला माझ्या हातात ठेवला. तळहाताएवढा, पंख्यासारखा पसरलेला, आणि काठाला काय सुरेख कंगोरे! त्याच्याकडे बोट करून ती म्हणाली, ‘स्कॅलप’. मग पडद्याच्या काठावर बोट फिरवून पुन्हा, ‘स्कॅलप’. खानसाम्याने बाहेर आल्यावर मला सांगितलं की शिंपल्यातल्या जिवालाही हे लोक तेच म्हणतात आणि तो तळून खातात. बटाट्याच्या चकत्या दुधात घालून भट्टीत भाजल्या तर त्यांनाही तेच नाव. राजूरचा घाट उतरेपर्यंत मी तो शब्द घोकत होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, आपल्याकडे कंगोरे कोणी खात नाही.

तीनदा मी त्या बंगल्यावर गेलो. तिन्ही वेळा माप घेताना ती बाई तो शिंपला हातात घेऊन खिडकीशी बसलेली होती. खानसामा म्हणाला, तिच्या बापाचं घर समुद्राकाठी आहे, तिथला तो. आमच्या भागात समुद्र कोणी पाहिलेला नाही, पण तिचं तसं बसणं मला ओळखीचं वाटलं. माहेरची वस्तू हातात धरून बसलेल्या बाया मी दुकानात रोज पाहत होतो.

द्वारका त्यांच्यातलीच. माझी सासुरवाडी धाडची आणि द्वारका धाडची लेक, धामणगाव बढ्याला दिलेली. म्हणजे नात्याने माझ्या बायकोची गावबहीण. एका बाजाराच्या दिवशी सोबतच्या बाया बांगड्या भरायला बसल्या तशी ती दुकानात आली आणि कापडाच्या गठ्ठ्यामागे बसली. सातवा महिना होता. पदराखालून तिने एक जुनं हिरवं लुगडं काढलं, लाल काठाचं. तिच्या आईचं. आईबाप तापाच्या साथीत एका आठवड्यात गेले होते. एकच भाऊ, तुळशीराम, तो पोटासाठी निजामाच्या मुलखात गेला, त्याला चार वर्षं झाली, कागद नाही की निरोप नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर माहेरच्या घराच्या भिंती बसल्या होत्या. ते सासरीच होणार होतं. पण बारशाला बाळंतविडा माहेरून यावा लागतो. कुंची, झबलं, दुपटं, सगळं गल्लीतल्या बायांसमोर ताटात मांडतात, आणि प्रत्येक वस्तू हातोहात फिरते. ताट रिकामं राहिलं तर ते बाईला जन्मभर ऐकावं लागतं.

“भाऊजी, तुमी धाडचे जवाई हा,” ती म्हणाली. “या लुगड्याचं शिवून द्या, अन् बारशाले तुमीच आना. तुळशीरामनं धाडहून पाठवलं म्हना. मले एवढं करून द्या.”

मला बहीण नाही, म्हणून मी कबूल झालो असं म्हणता येईल. पण हे आताचं शहाणपण झालं. तेव्हा मी हो म्हणालो ते तिच्या हातातलं लुगडं पाहून. इतकी तलम वीण आणि इतका जपलेला पोत की कात्री लावण्याआधी मी ते दोनदा नव्हे, तीनदा मोजलं.

मी जीव ओतून शिवलं. कुंचीला लाल काठाचे कंगोरे, टोपड्याला त्याहून बारीक. गोष्टही नीट बसवली. बारशाच्या आदल्या आठवड्यात धाडला जाऊन आलो, म्हणजे कोणी विचारलं तर खोटं पडायला नको. गाठोडं धाडच्या बाजारातल्या फडक्यात बांधलं. कुठे म्हणून अर्धा कंगोरा ठेवला नाही. आणि एवढं सगळं करून वळणं आखली ती त्याच चेपक्या झाकणाने. हाताला दुसरं काही सुचलंच नाही.

द्वारकेची सासू गयाबाई. विधवा बाई, घर आणि शेत एकटीने चालवणारी. तिच्या तोंडाला गल्ली भीत असे. बारशाला मी ओसरीवर बसलो होतो. गाठोडं सुटलं आणि गयाबाईने कुंची मांडीवर घेतली. काठावरून तिचा अंगठा फिरत गेला आणि एका कंगोऱ्याच्या माथ्यावर थांबला. तिने पुढच्याला हात लावला, मग त्याच्या पुढच्याला. कुंची उलटी करून आतल्या खाचा पाहिल्या. तिच्या स्वतःच्या मुलाची कुंची माझ्या वडिलांनी शिवली होती, हे मला त्या क्षणी आठवलं. द्वारका खाटेवर बाळ घेऊन बसली होती, तिने मान खाली घातली. बाया वाट पाहत होत्या.

गयाबाईने बायांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं. “धाडले बी चांगला शिंपी दिसते, मास्तर,” ती म्हणाली, आणि कुंची शेजारणीच्या हातात दिली. “घ्या, पाहा. मामानं पाठवली.”

समोर वाढलेला शिरा तसाच ठेवून मी पळालो. वाटलं, सुटलो. पण दिवाळीच्या आधी गयाबाई दुकानात आली. आपल्या पिशवीतून तिने एक जांभळा खण काढून माझ्यासमोर टाकला. म्हणाली, तुम्ही दिवाळीला धाडला जाताच, तर येताना तुळशीरामने बहिणीला भाऊबीजेची चोळी पाठवली म्हणून ही आणा. मी म्हटलं, काकू, त्या पोराचा पत्ता कोणालाच नाही.

“मले ठावं हाय,” ती म्हणाली. “म्हनून तं तुमच्याकडे आली. पोरीले मांगं कोनी नाही असं गल्लीत कोनी म्हनू नाही. अन् या खेपेले आखायले दुसरं काही तरी घ्या, मास्तर. मी ओळखलं तं दुसरी बी ओळखन.”

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाने मला झाकण बदलायला लावलं ते तेवढ्याच वेळी. मी घरातल्या फुलपात्राची कड वापरली. गोल निर्दोष आले, मला ते मुळीच आवडले नाहीत.

खरी चूक त्या दिवाळीला झाली. बारशाचं खोटं द्वारकेने मागितलेलं होतं. हे तिने मागितलं नव्हतं. मी चोळी पुढे ठेवली तशी ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. गयाबाई दोन हात अंतरावर ज्वारी निवडत बसली होती, तिची मान वर झाली नाही, पण सूप थांबलं. तिने मला कोणाजवळ बोलायचं नाही असं बजावलं होतं. मी म्हणालो, तुळशीरामने पाठवलं. द्वारकेचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. भेटला का, बरा आहे का, वाळला का, असं तिने भराभर विचारलं. मी सगळ्याला हो हो करत गेलो. मग तिने आवाज खाली आणून विचारलं, “डाव्या भिवईवरचा वण तसाच हाय का?”

“तसाच हाय,” मी म्हणालो.

त्यानंतर पंधरा दिवाळ्या गेल्या. दर वर्षी गयाबाई खण आणे, मी शिवी, धाडला जाऊन येई आणि धामणगावला पोचवी. मला या खोट्याची गोडी लागली होती हे कबूल करतो. धाडहून परतताना बैलगाडीत बसल्या बसल्या मी तुळशीरामचं आयुष्य रचत असे. एका वर्षी त्याला सरकीच्या कारखान्यात लावलं, एका वर्षी त्याचं लग्न केलं. लग्न केलं त्या वर्षी द्वारकेने भावजयीसाठी खोबऱ्याच्या वड्या बांधून दिल्या. त्या आम्ही घरी खाल्ल्या. बायको, अनुसया, ती मात्र वडीला शिवली नाही. म्हणाली, “कंगोरा चुकला तं उसवता येते. हे कसं उसवान?” मी तिच्यावर चिडलो. आणि दर वर्षी निघताना द्वारका उंबऱ्यापर्यंत येई आणि वणाचं विचारी. तसाच आहे, मी सांगे. ती मान हलवी आणि आत जाई.

मग एका श्रावणात गयाबाई गेली. दिवाळी आली, खण घेऊन कोणी आलं नाही. मी दोन दिवस मशीनवर नुसता बसून होतो. तिसऱ्या दिवशी दुकानातला एक चांगला खण कापला, चोळी शिवली, रीतीप्रमाणे धाडला जाऊन आलो आणि धामणगाव गाठलं.

द्वारका आता घरची कर्ती झाली होती. तीन लेकरांची आई, कपाळाजवळ केस पिकलेले. तिने चोळी घेतली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसली. काही विचारलं नाही. मीच सुरू केलं, तुळशीराम बरा आहे, वणही तसाच…

“भाऊजी,” ती म्हणाली, “त्याच्या भिवईवर वण नव्हताच कधी.”

ती रागावली नव्हती, त्यामुळे मला आणखी लाज वाटली. ती सावकाश सांगत गेली. तो पहिला जांभळा खण तिने दिवाळीआधीच आत्याबाईच्या पेटीत पाहिला होता. सासूला ती आत्याबाई म्हणे. मी चोळी पुढे ठेवली तेव्हाच तिला खण कोणाचा ते कळलं होतं. तरीही मी भाऊ भेटला म्हणालो तेव्हा तिला वाटलं, खण आत्याबाईचा असेल, पण भेट खरी असेल. म्हणून तिने वणाचं विचारून पाहिलं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, आत्याबाई सूप थांबवून कान देऊन बसल्या होत्या, मला चोळी आवडते की नाही म्हणून. त्यांना काय सांगू?

“पण मंग दर वर्षी तेच काऊन विचारत होती तू?” मी म्हणालो. तिच्याशी बोलताना माझ्याही तोंडी गावची बोली आली.

“वाटे, एखांद्या साली तो तुमाले खरंच भेटन,” ती म्हणाली. “मंग तुमी म्हनान, द्वारके, वण तं दिसला नाही.”

पंधरा वर्षं ती उंबऱ्यात उभी राहून एका ‘नाही’ची वाट पाहत होती, आणि मी आपल्या हुशारीने दर वर्षी ‘हो’ म्हणत होतो. मला रडू आलं. पुरुषमाणसाने परक्या ओसरीवर रडावं असं नसतं, पण आलं.

तिने पाणी आणून दिलं. मग विचारलं, “भाऊजी, तुमी दर साली धाडले जात होतेच न? तिथं कधी कोनाले इचारलं का, तुळशीराम येऊन गेला का म्हनून?”

नव्हतं विचारलं. सासुरवाडीला जाऊन पुरणपोळी खाल्ली, मेव्हण्यांबरोबर पत्ते खेळलो, येताना गाडीत बसून तुळशीरामच्या तोंडचे निरोप रचले. तिचं पडलेलं घर माझ्या सासऱ्यांच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे होतं. मी एकदाही तिकडे फिरकलो नाही. तिला मी नाही म्हणालो. माझ्याकडून तिला मिळालेलं ते पहिलं खरं उत्तर.

दुसऱ्याच दिवशी मी परत धाडला गेलो. देवळात विचारलं, न्हाव्याला विचारलं, बाजारात जुन्या माणसांना विचारलं. शेवटी त्या पडक्या घरासमोरची म्हातारी भेटली. ती म्हणाली, दोन-तीन सालांमागे एक माणूस आला होता. भिंतींकडे पाहत उभा राहिला. इथली लेक कुठे दिली, म्हणून त्याने विचारलं. म्हातारीला गावाचं नाव आठवलं नाही. तो पाणी प्यायला आणि आला तसा गेला. कोण होता, तिला ठाऊक नाही, डोळ्यांनी तिला नीट दिसत नव्हतं. केव्हाची गोष्ट, मी विचारलं. दिवाळीतली, ती म्हणाली, दारात पणत्या होत्या.

दिवाळीत म्हणजे मी तिथेच होतो.

हे द्वारकेला सांगावं की नाही यावर मी धाडपासून मोताळ्यापर्यंत विचार केला. सांगितलं. मेलो तरी तिच्याशी पुन्हा खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, तेव्हा तुम्ही गावातच होता? मी हो म्हणालो. ती उठून आत गेली. तिच्या धाकट्या लेकीने मला चहा आणून दिला. कप रिकामा झाल्यावरही मी बसून राहिलो. द्वारका बाहेर आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, आता तिथल्या चार घरी गावाचं नाव सांगून ठेवा, धामणगाव बढे. मी सांगून ठेवलं. चार नव्हे, चाळीस घरी.

ती म्हातारी केव्हाच गेली. मध्यप्रांत गेला, निजामाची हद्द गेली, धाडला आता मोटार जाते. माझ्या हातात कात्री ठरत नाही. तरी दिवाळीला मी धाडला जातो. सासुरवाडीला पाय ठेवण्याआधी त्या आळीत जातो आणि विचारतो. मग धामणगावला येतो. द्वारका ओसरीवर बसलेली असते, तिला माझ्याकडे पाहूनच कळतं, पण मी शब्दाने सांगावं म्हणून ती थांबते.

“नाही,” मी सांगतो.

“बरं,” ती म्हणते. “पुढच्या साली बी इचारा.”